वरचा किनारा

पहाटे पाचला आल्तिनोवर अंधार असतो अजून.
कायतान फुग्यात हायड्रोजन भरतो,
तान्ह्याची टाळू चाचपावी तसा
एक हात रबरावर ठेवून.
विडी नाही, मोबाइल नाही, लोखंडाला लोखंड लागू द्यायचं नाही.
खाली मांडवीत कॅसिनोचे दिवे पेंगुळलेले.
"सोड रे," तो स्वतःलाच म्हणतो.
आणि सोडतो.

मी वास्कोला, सड्यावर, पडद्यासमोर.
माझं आभाळ चौकोनांचं.
एका चौकोनात अख्खा गोवा, घाटाची किनार,
उरलेलं पाणी.
पेडणे आणि काणकोण, दोघांना एकच तापमान.

उंचीत मात्र आता कंजुषी नाही.
जुन्या मॉडेलला सव्वीस मजले होते
आणि त्यात वरचा वारा उलटत नसे. कधीच.
खरा वारा विषुववृत्तावर सव्वादोन वर्षांनी कूस बदलतो,
पूर्वेचा पश्चिमेचा होतो,
वरून एकेक पायरी खाली उतरत.
कायतानने आलेख पाहून विचारलं होतं,
"हा तुमचा वारा दुखणेकऱ्यासारखा
एकाच कुशीवर का गो?"
आता ब्याऐंशी मजले. आता उलटतो.
जरा उशिरा,
पण उलटतो.

सह्याद्रीवर आपटलेला वारा तिथेच संपत नाही.
त्याच्या लाटा वर चढतात,
हवा विरळ होईल तशा उंच होत जातात
आणि साठ-सत्तर किलोमीटरवर फुटतात,
मिरामारला फुटतात तशा, गाजेशिवाय.
म्हणजे डोक्यावर आपल्या एक किनारा आहे.
माझ्या मॉडेलला तिथे छप्पर लागतं.
लाट छपरावर आदळून माघारी येऊ नये
म्हणून वरच्या मजल्यांत आम्ही स्पंज कोंबतो.
शोधनिबंधात त्याला एक ओळ मिळते.

मग एकेक कारण उचलून ठेवायचं, एकेक परत घालायचं.
सूर्याची अकरा वर्षांची भरती-ओहोटी.
ज्वालामुखी: गंधकाची साय वर पसरते,
दोनेक वर्षं तिथे ऊब, इथे गारवा.
आणि आपला धूर, जो खाली तापवतो
आणि वर थंड करतो.

आई म्हणाली, "वाकळ जाड झाली की आत घाम,
वरून हात फिरवला तर गार. तसंच ना?"
अर्धंच बरोबर आहे ते.
तिथली हवा स्वतःच आपली ऊब बाहेर उधळते,
कार्बन वाढेल तितक्या सढळ हाताने.
मी आईला दुरुस्त केलं नाही.

बाबा म्हापशाला फ्रीज दुरुस्त करायचे.
नळी कापली की वायू निघायचा, फुस्स,
आणि स्टुलावर बसलेली मी टाळ्या वाजवायचे.
"परत!" म्हणायचे.
तो वायू शंभर वर्षं जगतो.
वर गेला, ओझोन खाल्ला, अजून खातोय थोडा थोडा.
बाबा सहा वर्षांपूर्वी गेले.

एक धाव माणसासकट, एक माणूस वगळून.
दुसरीत सूर्य आजचा, ज्वालामुखी तेच,
धूर पणजोबांच्याही आधीचा.
तिथे बाबांनी नळी कापलेली नाही.
तिची रेघ वर राहते, सपाट,
मध्येच एखाद्या ज्वालामुखीने दचकलेली.
आणि कायतानच्या फुग्यांची,
जगभरच्या कायतानांच्या फुग्यांची रेघ
खाली उतरत जाते.
दोघींमधली जागा मी रंगवते.
छपाईत फिकट करडी येते ती.
तिच्यात कुठेतरी, मोजता न येण्याइतकं,
ते फुस्स आहे.

सव्वासातला फुगा एकतीस किलोमीटरवर फुटला.
नऊच्या सुमारास वेधशाळेत फोन वाजला, सांग्याहून,
डब्यावरचा नंबर वाचून कुणी बाई:
"तुमचो डबो आमच्या माडार अडकला.
दवरूं, काय उडोवं?"
त्या डब्याचा आता कुणालाच उपयोग नाही,
आकडे केव्हाच येऊन गेलेत.

"दवर गो," कायतान म्हणाला.
"दवर."